कोरडवाहू ग्रहाचे नियम

मी बुलढाण्याला कॉलेजात नाव घातलं तेव्हा घरी एकच काळजी होती, पोरगी राहील कुठं. धाड या गावी आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, कोथिंबीर निघायची आणि वडील आठवड्यातून दोनदा माल घेऊन बुलढाण्याच्या बाजारात यायचे. त्या ओळखीतून एक घर मिळालं. घरमालक कोर्टात नाझर होते. समन्स, नोटिसा, वॉरंटं बजावायला पाठवायची, त्यांचा हिशेब ठेवायचा, हे त्यांचं काम. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मूलबाळ नव्हतं. मागची खोली त्यांनी मला दिली आणि मी त्यांना काका-काकू म्हणायला लागले. महाराष्ट्र होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. कोर्टातली जुनी माणसं अजून नागपूर राजधानी होती तेव्हाच्या गोष्टी सांगायची.

काका बारीक, उंच, कमी बोलणारे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग कायमचा. अशा माणसाच्या कपाटात कोर्टाच्या जुन्या पुस्तकांशेजारी विज्ञानकथांच्या मासिकांचे गठ्ठे असतील असं कुणाला वाटलं नसतं. मला पहिल्याच महिन्यात ते सापडले, कारण काकूंनी मला कपाट झाडायला लावलं आणि मी झाडायचं सोडून वाचत बसले. काका घरी आले तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते. ते रागावले नाहीत. कोणती गोष्ट वाचली, त्यातली चूक कळली का, एवढंच त्यांनी विचारलं. चूक मला कळली नव्हती. यान सूर्याजवळून जातं आणि आतली माणसं चहा गरम करायला शेगडी पेटवतात, ही ती चूक.

त्यानंतर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही गोष्टींवर बोलत बसायचो. अशाच एका रविवारी काका स्वतःच्या मनातली एक गोष्ट सांगत होते. एक यान एका ग्रहावर उतरलंय. तिथं पाऊस कधीच पडत नाही.

"मग कोरडवाहूच आहे की तो," मी म्हटलं.

काकांनी मान डोलवली आणि वहीत लिहून घेतलं, ग्रहाचं नाव कोरडवाहू. मग ते एकदम थांबले आणि मला म्हणाले, "आता तू तठी आहेस असं समज. समोर एक दार आहे. काय करशील?"

"उघडीन."

"पण ते उघडलंच पाह्यजे असं कुठी आहे?"

त्यांनी काकूंच्या सारीपाटाच्या पिशवीतून पाच कवड्या काढल्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर दार उघडेल, असं सांगून माझ्या हातात दिल्या. मी टाकल्या. दोनच उताण्या पडल्या.

"नाई उघडत," काका म्हणाले.

त्या दाराचा मला खरोखर राग आला. "मग खिडकी असेल. मी खिडकी पाहते."

एवढाच तो खेळ. एकानं सांगायचं, काय समोर आहे. दुसऱ्यांनी सांगायचं, आपण काय करतो. शंका आली की कवड्या. संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या तोवर मी खिडकीतून आत शिरले होते, एक यंत्र बंद पाडलं होतं आणि पायाला लागून लंगडत होते. काकूंनी विचारलं, पाय कशानं दुखला. मी सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं आणि कप ठेवून निघून गेल्या.

पहिल्या महिन्यात नियम होते सहा. ते एका पाठकोऱ्या कागदावर मावत होते. पुढं काकांनी त्यातल्या एका मासिकाच्या वाचकांच्या पानावर पत्र पाठवलं, की विज्ञानकथा वाचणाऱ्यांनी संपर्क साधावा, आम्ही पत्रांतून एक खेळ खेळत आहोत. आठ उत्तरं आली. मलकापूरच्या टेलिफोन ऑफिसातले एक जण होते, चिखलीच्या दवाखान्यातले कंपाउंडर होते, आणि डोणगावहून एक प्राथमिक शाळेच्या बाई होत्या. प्रत्येकानं यानावरचं एक काम घ्यायचं. आपण काय करतो ते कार्डावर लिहून पाठवायचं. काका कवड्या टाकणार आणि काय झालं ते कार्डानंच कळवणार. डोणगावच्या बाईंनी यानावरची पाणी वाटणारी बाई घेतली. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "शाळेतही पोरांना रांजणातलं पाणी मीच वाटते, सवय आहे."

नियम वाढले ते या पत्रांमुळं. काकांना नियमांची हौस होती हे खरं, पण प्रत्येक नियमामागं कुणाचं तरी भांडण होतं. टेलिफोनवाल्यांनी तीन पानं लिहून कळवलं, की यानातून पृथ्वीवर बोललेलं तत्काळ ऐकू येणं शक्य नाही. झाला नियम. कंपाउंडरनी विचारलं, तिथं वजन कमी भरत असेल तर जखम कमी होईल का. झाला नियम, त्याला चार पोटनियम. काका ते कोर्टाच्या भाषेत लिहीत. "यानाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने हवेचे नळकांडे सोबत ठेवावे, परंतु असे की, यानापासून वीस पावलांच्या आत असल्यास ही अट लागू होणार नाही." मी नकाशे काढायचे आणि नियमांच्या नकला करायचे. तीन कार्बन घालून लिहिलं की चौथी प्रत इतकी पुसट यायची की चिखलीचे कंपाउंडर दर वेळी तक्रार करायचे.

दीड वर्षात नियम एकशे चाळीस झाले. खतावणीएवढी जाड वही. काका ती कोर्टातून आल्यावर हातपाय धुऊन उघडायचे. मला ती वही आवडायची, हे कबूल करायला हवं. अनोळखी माणसं, जी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, त्या वहीत एका जगात राहत होती आणि त्या जगात काही म्हणजे काही ढिलं नव्हतं.

मग एक दिवस मी कॉलेजातून आले तर ओट्यावर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. धोतर, पांढरा सदरा, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं आणि शेजारी काका उभे होते, मधल्या सुटीत कोर्टातून आलेले, चेहरा पार उतरलेला. गृहस्थांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. अक्षर काकांचं होतं.

"कळविण्यास खेद होतो की, नियम ८७, पोटनियम ३ अन्वये आपण गेल्या मंगळवारी मृत झाला आहात. याबाबत आपले काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे."

ते डोणगावच्या बाईंचे यजमान होते. झालं होतं असं. बाई शाळेत असताना पोस्टमननं कार्ड आणलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी ओट्यावरच बसकण मारून रडायला सुरुवात केली. शेजारणी जमल्या. कुणीतरी शेतात धावत गेलं आणि यजमान शेतातून थेट शाळेत. बाई वर्गात फळ्यावर गणित लिहीत होत्या.

"ते म्हणाली, खेळ आहे," यजमान आम्हाला सांगत होते. "म्या म्हटलं, खेळात पोटनियम असते का कुठी? पंधरा दिवसांत लेखी म्हणणं मांगते का कोणता खेळ? हे कोर्टाचंच कागद आहे. माझी बायको तठी पोरं शिकवून राह्यली, अन् तुमचं कार्ड म्हणते, मेली. उद्या शाळेवाल्यानं हे पाह्यलं तर तिची नोकरी राहीन का?"

त्यासाठी ते पहाटेची एसटी धरून बुलढाण्याला आले होते. कोर्टात विचारत विचारत, कार्ड दाखवत, नाझरांच्या टेबलापर्यंत पोचले होते. काकांना भर कचेरीत सांगावं लागलं होतं की हे मी लिहिलंय, खासगी आहे, आपण घरी चला.

काकूंनी त्यांना आधी जेवायला वाढलं.  मग काकांनी वही आणली, पहिल्यापासून उघडली आणि सगळं सांगितलं. यान, ग्रह, कवड्या, बाईंचं पाणी वाटायचं काम. यजमान मांडी घालून ऐकत होते. त्या दिवशी मधली सुटी संपून गेली तरी काका कोर्टात परत गेले नाहीत. त्यांनी रजेची चिठ्ठी पाठवली. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं, असं काकू मला नंतर म्हणाल्या.

"मग ते मेली कशानं?" यजमानांनी विचारलं.

काका म्हणाले, "पाणी संपलं होतं. ज्याच्याजवळ तीन दिवस दोन मापांहून कमी पाणी, तो मरतो, असा नियम आहे. तुमच्या बाईंनी आपल्या वाट्याचं पाणी एका अनोळखी प्राण्याले देऊन टाकलं. त्या ग्रहावरचाच होता तो. म्या कवड्या टाकून पाह्यल्या, पण नियम ते नियमच."

"देनच ते," यजमान म्हणाले. त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा थोडं हसू आलं. "उन्हाळ्यात दारावर कोणी आलं तर आधी ते पाणी देते, मंग विचारते कोण आहे."  मग त्यांनी विचारलं, "अन् ज्याले पाणी पाजलं, तो? तो काय नुसता पाहतच राह्यला?"

 काका वहीची पानं उलटायला लागले. एकशे चाळीस नियम त्यांनी एकदा पुढून चाळले, एकदा मागून. उपाशी प्राणी, जखमी प्राणी, चावणारा प्राणी, सगळ्यांचे नियम होते. ज्याचं भलं केलंय त्यानं पुढं काय करावं, याचा नव्हता.

"राह्यलं," काका हळूच म्हणाले. "हे लिहायचं राह्यलं."

यजमानांचा तो प्रश्न काकांनी बाईंचं अपील धरला आणि ते मंजूर केलं. काकांनी या वेळी बंद पाकिटात कळवलं आणि वर सासूबाईंच्या नावे वेगळी चिठ्ठी लिहून माफी मागितली. त्या प्राण्यानं बाईंना जमिनीखालचा झरा दाखवला आणि त्या जगल्या. यजमान जाताना माझ्या वडिलांच्या मळ्यातली वांगी पिशवीत घेऊन गेले. पुढं बाईंच्या पत्रात खाली एखादी ओळ त्यांचीही असायची.

ही गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण काकांनी त्या दिवसापासून नियम १४१ लिहायला घेतला. उपकाराचा नियम. उपकार किती मोठा, ज्यावर केला तो किती अडचणीत, परतफेड किती दिवसांत, परतफेड करणाऱ्याचा स्वभाव कसा, प्रत्येकाला कवड्यांचं वेगळं दान. एकोणीस पोटनियम झाले. मी नकला करता करता थकले. त्या यजमानांनी एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचा असा तक्ता झालेला पाहून मला उगीच वाईट वाटत होतं.

त्याच सुमारास माझ्या वर्गातल्या दोन मुलींना खेळायचं होतं. मी त्यांना वही दिली. चार दिवसांनी त्यांनी ती परत आणली.

"आमाले एक परीक्षा पुरे आहे," त्यातली एक म्हणाली. "दुसरी काऊन द्यायची?"

मी त्या दुपारी कॉलेजच्या वाचनालयात बसून एका पानावर खेळ लिहिला. एकानं सांगायचं. बाकीच्यांनी करायचं. शंका आली तर कवड्या. दान कसंही पडलं तरी सांगणाऱ्यानं माणसाचा विचार करूनच सांगायचं. एवढंच. त्या पानावर आम्ही तिघी त्या आठवड्यातच खेळलो आणि हसून हसून आमच्या पोटात दुखलं. मग कुणी नवा वाचक पत्र पाठवायचा तेव्हा मी त्याला जाड वहीची नक्कल पाठवेनाशी झाले. ते एक पान पाठवायला लागले. काकांना सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत तीन महिने गेले.

मेहकरच्या एका नव्या गृहस्थांनी ते सांगितलं. त्यांचं आभाराचं कार्ड आलं, "आपले एका पानाचे नियम फार सोपे व छान." मी घरी आले तेव्हा काका ते हातात धरून खुर्चीवर बसलेले होते.

"नियम तू पाठवून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"हाव, काका."

"काऊन?"

मी खूप काही ठरवून ठेवलेलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुमची वही वाचून माणसं घाबरतात, काका."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, त्याच्यावर दौत ठेवली आणि आत गेले. त्यानंतर दोन-अडीच आठवडे ते माझ्याशी कामापुरतं बोलले. वही उघडली गेली नाही. डोणगावच्या बाईंची दोन पत्रं तशीच पडून राहिली. मी दुसरी खोली पाहावी का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काही जायचं नाई. रागावले नाई ते. विचारात पडले."

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर काका माझ्या खोलीच्या दाराशी आले. "तुझ्या त्या पानावर मले खेळव," ते म्हणाले.

तोवर एवढ्या दिवसांत काका एकदाही खेळणाऱ्याच्या जागेवर बसले नव्हते. ते नेहमी सांगणारे. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी चटई टाकली. काकूंनी भांडी तशीच ठेवली आणि त्याही येऊन बसल्या. म्हणाल्या, "एकच पान असन तर मीबी खेळतो."

मी सांगितलं, तुम्ही दोघं यानातून उतरलात, समोर टेकडी आहे, टेकडीवरून धूर येतोय.

काकू लगेच म्हणाल्या, "कोणी तरी सयपाक करते. चला पाहू."

 काकांनी विचारलं, "मी टेकडीवर चढू शकतो का?"

"तुम्हीच सांगा, काका."

"किती उंच आहे? नळकांडं लागन का?"

"चढून पाहा."

 टेकडी संपेपर्यंत त्यांनी पंधरा-वीस वेळा मला विचारलं असेल, मी वाकू का, मी बोलू का, मी वाटेत भेटलेल्या माणसाच्या हातातलं घेऊ का. काकू तोवर धुरापाशी पोचून तिथल्या म्हातारीशी भांडण उकरून बसल्या होत्या. त्या पटाईत निघाल्या. त्यांना कवड्या क्वचितच लागायच्या, कारण त्या असं काही बोलायच्या की तेच खरं वाटायचं.

तासाभरानं काकांनी हात वर केला आणि पुरे म्हणाले. ते दमले होते. काकू उठून चहा टाकायला गेल्या. मग काका माझ्याकडं न पाहता बोलायला लागले. लहानपणी वडील गेल्यावर ते मामाच्या घरी वाढले होते. मामा वाईट नव्हता, पण त्याचा नेम नव्हता. विहिरीवरून पाणी आणलं तर एक दिवस शाबासकी, दुसऱ्या दिवशी त्याच कामासाठी थप्पड, की तुला कुणी सांगितलं होतं. घरात पाऊल टाकताना मामाचा चेहरा पाहायचा आणि मग ठरवायचं.

"कोर्टात कारकून लागलो," ते म्हणाले, "तं पह्यल्यांदा असं पाह्यलं, का कागदावर जे काल होतं, तेच आज आहे. मले तिथी बरं वाटलं. तुझ्या पानात लिवलं आहे, सांगणाऱ्यानं माणसाचा विचार करून सांगावं. सांगणारा तू आहेस, ठीक आहे. मामा असता तर?"

  त्या क्षणी मला कळलं की ज्या वहीला मी तीन महिने मनात हसत होते, ती एका घाबरलेल्या मुलानं बांधलेली भिंत होती, आणि त्या भिंतीच्या आत त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला विचारून करायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. "ते पाह्यजे होतं."

त्यानंतर दोन्ही चाललं. नव्यांना पान, मुरलेल्यांना वही. डोणगावच्या बाई, टेलिफोनवाले आणि कंपाउंडर वही सोडायला तयारच नव्हते. बाईंनी तर लिहिलं, की एवढं मोठं अपील मी जिंकले ते म्हणणं मांडायचा पोटनियम होता म्हणून, नुसत्या पानावर मला कोण विचारणार होतं. काकूंना मात्र पानच आवडे आणि त्या रविवारची वाट पाहत. काकाही अधूनमधून खेळायला बसत. विचारणं त्यांचं कमी झालं, सुटलं नाही.

मी पदवी घेऊन अकोल्याला नोकरीला गेले. काका निवृत्त झाल्यावर चिखलीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. पत्रं विरळ झाली, मग थांबली. ते गेल्याचं मला काकूंच्या पत्रातून कळलं. तेव्हा मी जाऊन आले. काकूंनी कपाट उघडून दाखवलं, पण वही त्यात नव्हती. ती शेवटच्या वर्षी काकांनी डोणगावला बाईंकडं पाठवून दिली होती, असं त्या म्हणाल्या. बाईंची तोवर बदली झाली होती. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

आता मी सत्तरीत आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीनं मला मोबाइलवर विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या एका गटात घातलं. तिथं असे खेळ खेळणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्याकडं छापील नियमांची तीन-तीनशे पानांची पुस्तकं असतात आणि त्यांच्यात अखंड वाद चालतो, की पुस्तक जाड हवं की पातळ. जाडवाले पातळवाल्यांना आळशी म्हणतात, पातळवाले जाडवाल्यांना कारकून. हा शब्द वाचला की मी फोन खाली ठेवते आणि जरा वेळानं परत उचलते.

एकदा मी त्यांना काकांबद्दल लिहिलं. दोन बोटांनी टाइप करायला पूर्ण दुपार गेली. पुष्कळांनी वाचलं. मग एका मुलीनं विचारलं, आजी, तुमचा तो खेळ आम्हाला शिकवाल का, वहीतला. मी लिहिलं, वही हरवली, पण आठवतील तेवढे नियम सांगते. पहिल्या रविवारी फोनवर सहा जण जमले. चौघं पुढं यायचे बंद झाले. दोघी टिकल्या आहेत, आणि सध्या त्यांचा एका नियमावरून माझ्याशी वाद चालू आहे.